वर कोणी यायचे, हे ठरवणाऱ्या पायऱ्या

आजचा धागा पायऱ्यांविषयी आहे, आणि तो जरा लांबणार आहे.

किल्ल्याविषयी किंवा लेण्यांविषयी काहीही लिहिले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती पायऱ्या आहेत?’ त्यामागची काळजी खरी असते. सोबत आजी असते, कुणाचे गुडघे दुखत असतात, आणि मराठवाड्याचे ऊन तर असतेच. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. पायऱ्या म्हणजे खऱ्या वास्तूपर्यंत पोहोचण्याआधीचे कष्ट. त्या एकदाच्या संपल्या की मग ‘बघायला’ सुरुवात. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. वास्तू बांधणाऱ्याला आपल्याकडे कोण यावे, कुठून यावे, किती वेगाने आणि कोणत्या मनःस्थितीत यावे असे वाटत होते, हे शिल्पांपेक्षा पायऱ्या अधिक स्पष्ट सांगतात. शिलालेखात राजा स्वतःविषयी हवे ते कोरून घेऊ शकतो. पायरीला मात्र माणसाच्या पावलाशी जुळवून घ्यावे लागते, किंवा ते पाऊल मुद्दाम चुकवावे लागते.

जगभरच्या प्रवासयाद्यांत आभानेरीची चांद बावडी असते, रोमच्या स्पॅनिश पायऱ्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या परिसराचे नाव अशा यादीत क्वचितच दिसते. वास्तविक या एका जिल्ह्यात इसवीसनापूर्वीच्या शतकांपासून मोगलकाळापर्यंतच्या पायऱ्या पाहायला मिळतात, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी आहे.

आपल्या भाषेने पायरीला किती काम दिले आहे, तेही आधी पाहू. आपण माणसाला ‘पायरी ओळखून’ वागायला सांगतो, शहाण्याला कोर्टाची पायरी चढू नको म्हणतो, भांडणात कुणी ‘पायरी सोडली’ की खट्टू होतो. दर्जा, मर्यादा, प्रवेश हे सगळे एका शब्दात आले. दुसरीकडे पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे, आणि रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराबाहेर हिरोजी इंदुलकरांचे नाव पायरीच्या दगडावर कोरलेले आहे. मोठेपण इतरांच्या पायांखाली ठेवण्याची ही रीत आपल्याला भावते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. नामदेवांनी जागा मागितली ती पायरीची; चोखोबांना पायरीच्या पलीकडे जाण्याची मुभाच नव्हती. पंढरपूरचे मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. पायरीविषयी लिहिताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात, नाहीतर आपण फक्त भक्तिभावावर थांबतो.

आता जिल्ह्याकडे वळू. सुरुवात पितळखोऱ्यापासून करतो, कारण ते सर्वांत जुन्यांपैकी आहे आणि तिथे गर्दी सर्वांत कमी असते. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या कडेला, सातमाळ्याच्या एका घळीत ही लेणी आहेत. इसवीसनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली. आज आपण पठारावरून नव्या पायऱ्यांनी खाली घळीत उतरतो, आणि मग चौथ्या क्रमांकाच्या लेणीसमोर येतो. तिच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. त्या रांगेला लागून एक दार, दाराच्या दोन्ही बाजूंना भाले-ढाली घेतलेले द्वारपाल, आणि दारातून आत शिरणारा, कातळात खोदलेला बंदिस्त जिना. विहार वर आहे. म्हणजे भिक्षूंच्या निवासाकडे जाणारी वाट उघड्यावर न ठेवता डोंगराच्या पोटातून नेली आहे. द्वारपालांच्या चेहऱ्यावर हलके हसू आहे. धाक दाखवणारे ते नव्हेत. तरीही बाहेरचे जग आणि आतला विहार यांच्यात काही पावले अंधार हवा, असे इथल्या कारागिरांना किंवा त्यांच्या दात्यांना वाटले. दगडातला जिना ही केवळ सोय नसते, तो एक अंतर निर्माण करतो, ही समज आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी पक्की झालेली होती.

अजिंठ्याला या समजेचे आपण काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरच्या कड्यात आहेत. आज आपण तिकीट काढतो, काही पायऱ्या चढतो, आणि कड्याच्या मध्यावरून जाणाऱ्या फरसबंद वाटेने एकामागून एक लेणी पाहत जातो : एक, दोन, तीन, चार. सगळ्यांना वाटते, ही रचना अशीच होती. ती तशी नव्हती. मुळात लेण्यांना जोडणारी आडवी वाट नव्हती. लेणीपासून खाली नदीच्या पात्राकडे उतरणारे स्वतंत्र दगडी जिने होते. त्यांतले बहुतेक नष्ट झाले, काहींच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. अजिंठा म्हणजे एका वाटेवरची तीस दालने नव्हती. नदीकडे तोंड करून बसलेली, आपापल्या दारातून माणसांना वर बोलावणारी ती स्वतंत्र घरे होती.

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडले ते आपले वाचन. लेण्यांना दिलेले क्रमांक हे या आडव्या वाटेचे क्रमांक आहेत, काळाचे नव्हेत. पहिल्या लेणीतला पद्मपाणी पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या सुमाराचा. आणि दहावी लेणी, जी आपण दमल्यावर पाहतो, ती त्याच्या पाच-सहाशे वर्षे आधीची. शाळेच्या सहलीतली मुले पहिल्या लेणीपासून सुरुवात करून ‘पुढे पुढे’ जातात तेव्हा प्रत्यक्षात ती नवव्या-दहाव्या लेणीपर्यंत कालाच्या उलट दिशेने चालत असतात, आणि त्यानंतर पुन्हा पुढे-मागे उड्या मारतात. हे त्यांना कुणी सांगत नाही. वाटेने इतिहासाचा एक खोटा क्रम तयार केला आणि क्रमांकांनी तो पक्का केला.

आणखी एक. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीपाशी आला, त्याला समोरच्या डोंगरावरून दहाव्या लेणीची कमान दिसली, आणि मग त्याने आत जाऊन खांबावर आपले नाव कोरले, ही कथा आपल्याला पाठ आहे. त्याचे नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसते, कारण तो शतकांच्या साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता. म्हणजे त्याला मूळ उंबरठा भेटलाच नाही. अजिंठ्याच्या आधुनिक परिचयाची सुरुवातच पायऱ्या वगळून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

सुदैवाने सोळाव्या लेणीचा जिना टिकला आहे. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ही लेणी खोदवली. त्याचा शिलालेख लेणीबाहेर आहे. नदीकडून येणाऱ्या माणसाला आधी एक दार लागते आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन हत्ती. त्यांच्यामधून आत शिरून पायऱ्या चढू लागले की समोर वेटोळ्यावर बसलेला नागराज येतो. तिथे वळावे लागते, आणि मग लेणी. चढण, थांबणे, वळणे, पुन्हा चढण : या क्रमात धावत जाता येत नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या वर्णनात एका डोंगरातल्या विहाराविषयी लिहिताना दाराबाहेरच्या दगडी हत्तींचा उल्लेख केला आहे, आणि अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा मानतात. त्याच्या नोंदीत दाराचे हत्ती टिकले, हे मला फार बोलके वाटते. पाहुण्याच्या स्मरणात काय राहावे हे वराहदेवाच्या कारागिरांना बरोबर कळले होते.

आज बहुतेक लोक सोळाव्या लेणीत बाजूने, वरच्या वाटेने शिरतात. हत्ती पाहायचे तर त्यांना पायऱ्या उलट उतराव्या लागतात, म्हणून अनेकजण ते न पाहताच सतराव्या लेणीकडे जातात. एखाद्या नाटकाला मध्यंतरानंतर जाऊन बसावे, तसे हे आहे. माझा आग्रह इतकाच : निदान या एका लेणीसाठी आधी खाली उतरा, हत्तींच्या पुढ्यात जा, पाठ नदीकडे करा, आणि मग वर या. दहा मिनिटे जातील.

वेरूळचा प्रश्न वेगळा आहे. तिथे लेण्यांत वरचे मजले आहेत, त्यामुळे जिनेही आत आहेत. बाराव्या क्रमांकाची तीन ताल तर बाहेरून एखाद्या साध्या तीन मजली वाड्यासारखी दिसते; आतले जिने चढत तिसऱ्या मजल्यावर गेलो, की बुद्धमूर्तींच्या रांगा समोर येतात आणि खालच्या साधेपणाचा अर्थ उलगडतो. शेजारच्या अकराव्या लेणीचे नाव दोन ताल, म्हणजे दोन मजली. तिलाही मजले तीनच आहेत. तळमजला मातीखाली गाडला गेला होता, तो १८७६ साली उघडकीस आला, पण नाव काही बदलले नाही. चुकीचे नाव इतके पक्के बसलेले दुसरे लेणे माझ्या माहितीत नाही, आणि मला ते बदलूही नये असे वाटते. मातीने काय काय झाकले होते याची ती आठवण आहे.

कैलास लेणीविषयी सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते, की ती वरून खाली कोरत आणली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा हा काळ, इसवीसन ७५६ ते ७७३. पण या वाक्याचा अर्थ पायऱ्यांच्या बाबतीत काय होतो, यावर जरा थांबा. गोपुरातून आत आलो की समोर गजलक्ष्मी. तिच्यामुळे डावीकडे किंवा उजवीकडे वळावे लागते. मुख्य मंदिर उंच जोत्यावर आहे, ते पाठीवर तोलून धरलेल्या हत्तींसकट, आणि सभामंडपात जायला दोन बाजूंनी दोन जिने आहेत. एकाजवळ रामायणाचा शिल्पपट, दुसऱ्याजवळ महाभारताचा. बांधीव मंदिरात आधी खालची पायरी बसवतात आणि मग वरची. इथे उलटे. कातळ वरून खाली उतरवत आणायचा, तर सर्वांत वरची पायरी सर्वांत आधी आणि जमिनीला टेकणारी शेवटी. ज्यांनी हे जिने कोरले ते त्या जिन्यांनी कामावर चढले नाहीत; ते डोंगराच्या माथ्यावरून खाली आले. आपण आज ज्या पायरीवरून चढायला सुरुवात करतो, तिथे त्यांचे काम संपले. ज्या जिन्याने चढायचे तोच अजून दगडात आहे, अशा अवस्थेत त्यांनी भविष्यातल्या पावलाचे माप धरले.

हीच रीत जैन लेण्यांतही दिसते. बत्तिसाव्या क्रमांकाच्या इंद्रसभेत वरचा मजला कोरीवकामाने भरलेला, आणि तळमजला बराचसा अपुरा. जिना उतरून पाहिला तर काम कुठे थांबले ते कळते. आणि वेळ असेल तर एकोणतिसाव्या लेणीला, धुमार लेणीला, अवश्य जा. तिला तीन बाजूंनी प्रवेश आहे, तिन्हीकडे पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेला सिंह. जवळच वेळगंगेचा धबधबा पडतो. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर उभे राहिले की लेणीतली शिवशिल्पे आणि पाण्याचा आवाज एकाच वेळी मिळतात. बहुतेक पर्यटक कैलास पाहून परत फिरतात, त्यामुळे इथे शांतता असते.

आता देवगिरी. खरे तर धागा लिहायला घेतला तो याच्यासाठी.

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीला राजधानी वसवली. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून या जागेला दौलताबाद हे नाव दिले, ते आपण जाणतोच. किल्ल्याच्या टेकडीचा खालचा भाग तासून उभा, गुळगुळीत कडा केला आहे. त्याच्या पायथ्याशी खंदक, खंदकावर एकच वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी अंधारी : डोंगराच्या पोटातून वर जाणारा वळणावळणाचा बोगदा. यातल्या पायऱ्या मुद्दाम विषम आहेत. एक उंच, एक बुटकी; एक रुंद, पुढची पाऊलभरही नाही. उजेडात आपण पायरी डोळ्यांनी चढतो, पण अंधारात ती पाय मोजतो. दोन पायऱ्यांनंतर पायाला पुढच्या उंचीचा अंदाज बसतो आणि तो अंदाज मोडणे हेच इथल्या रचनेचे काम. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर खाली सोडण्याची व्यवस्था होती. तटबंदी शत्रूला बाहेर थोपवते. ही वाट शत्रूला आत घेऊन त्याचे शरीरच त्याच्याविरुद्ध वापरते. पायरीचा याहून निर्दय उपयोग मी कुठे पाहिलेला नाही, आणि हुशारीला दाद न देणेही शक्य नाही.

गाइड लोक इथे हातात मशाल किंवा टॉर्च घेऊन पूर्ण नाट्य उभे करतात. शत्रू घसरतो, फसव्या वाटेने जातो, खंदकात पडतो, मगरी वाट पाहत असतात. ऐकायला मजा येते. परंतु देवगिरीचे दोन गाजलेले पराभव पाहिले, तर त्यांत अंधारीची भूमिका काहीच नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन ठेपला, तेव्हा यादवांचे मोठे सैन्य बाहेर होते. धान्य समजून किल्ल्यात नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा इतिहासग्रंथांत येते. मिठाची कथा शब्दशः घ्या किंवा घेऊ नका. रामचंद्रदेवाला तह करावा लागला हे निश्चित. १६३३ मध्ये निजामशाहीच्या शेवटच्या काळात मोगल सेनापती महाबतखानाने वेढा दिला, बाहेरचे तट सुरुंगांनी फोडले, आणि आत उपासमार वाढल्यावर फतेहखानाने किल्ला सोडला. म्हणजे जगातली सर्वांत कावेबाज वाट शाबूत असतानाही किल्ला दोन्ही वेळा पडला. पायऱ्यांनी माणूस अडवता येतो, पण आतल्या माणसांची भूक अडवता येत नाही.

इथे थोडे बाजूला जातो. इंग्रजांना डोंगरी किल्ल्यांचे हे मर्म नेमके कळले होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन ब्रिग्जने नाशिककडचे किल्ले ताब्यात घेतले आणि अनेक ठिकाणी चढण्याच्या वाटाच निकामी केल्या. अलंग-मदनवर जाणारे ट्रेकर आज दोर लावून जे टप्पे चढतात, तिथे एकेकाळी पायऱ्या होत्या. हरिहरच्या, हात रोवायला खोबण्या असलेल्या उभ्या पायऱ्या वाचल्या, म्हणून आज शनिवार-रविवारी तिथे रांग लागते. वाट फोडली की तट उभा असूनही किल्ला संपतो, हे फोडणाऱ्यांना ठाऊक होते. आपण मात्र अजून तटाचेच फोटो काढतो.

परत देवगिरीकडे, आणि या वेळी किल्ल्याच्या पायथ्याशी.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. धुळीचा प्रवास झालेला, म्हणून किल्ल्याच्या दाराबाहेरच्या छोट्या हौदावर सर्वांनी हातपाय-तोंड धुतले. हौदाभोवती रुंद दगडी फरशी होती. मंडळी दाराशी पोहोचतात तोच मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला : अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदवला आहे. अस्पृश्यता केवळ हिंदूंपुरती राहिली नव्हती, इतर धर्मीयही ती पाळत होते, हे दाखवण्यासाठी.

मला या प्रसंगाचे स्थान विचार करायला लावते. सैन्य अडवण्यासाठी खोदलेली अंधारी अजून बरीच पुढे होती. एवढा कडा, एवढा खंदक, एवढ्या चुकवणाऱ्या पायऱ्या. आणि १९३४ मध्ये माणसांना अडवायला यातले काहीच लागले नाही. हौदाकाठची एक सपाट फरशी पुरली. जी पायरी दगडात नसते तीच चढायला सर्वांत अवघड, हे देवगिरीइतके स्पष्ट कुठे दिसत नाही. सोळा वर्षांनी, १९५० साली, याच शहरात बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. देवगिरीवर मी ऐकलेल्या एकाही गाइडच्या तोंडी १९३४ आलेले नाही. मगरी मात्र दर वेळी आल्या.

हे सगळे लक्षात ठेवून आजच्या वादाकडे पाहू. वारसास्थळांवर चढणे सोपे करावे की नाही, यावर आपल्यासारख्या इतिहासप्रेमींत दोन टोके आहेत. एक गट म्हणतो, पायऱ्या हाच वारसा, कठडे नकोत, उतार नकोत. ज्याला जमेल त्याने चढावे. हे ऐकायला शूर वाटते, पण त्यामागे कुणाला वगळतो आहोत याचा विचार नसतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कैलास लेणीचा सभामंडप पाहण्याचा हक्क तुमच्या-माझ्याइतकाच आहे. अजिंठ्याला डोलीवाले आहेत. चार माणसे दांड्यांवर खुर्ची उचलून वृद्धांना वर नेतात. त्यांच्या खांद्यांना प्रत्येक पायरीची उंची पाठ असते. अनेक कुटुंबांची आजी त्यांच्यामुळेच पद्मपाणीसमोर उभी राहू शकली. पण एकविसाव्या शतकात प्रवेशाची एकमेव सोय माणसाच्या खांद्यावर असावी, हे काही भूषणावह नाही.

दुसरे टोक त्याहून घातक, कारण ते रोजच्या कामकाजातून घडते. जुनी पायरी झिजली, घसरडी झाली, की तिच्यावर सिमेंटचा थर ओतायचा किंवा चकचकीत फरशी बसवायची. काम लवकर होते, तक्रार मिटते. पण त्या थराखाली शेकडो वर्षांच्या पावलांची झीज गाडली जाते, आणि झीज हाच तर पुरावा असतो : लोक कुठून जास्त चढत होते, कुठे कडेने जात होते, कुठे हात टेकत होते. विषम पायऱ्या सरळ केल्या, की बांधणाऱ्याचा हेतूच पुसला जातो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दुरुस्तीचा भाग मुळापासून वेगळा ओळखू यावा, असे तत्त्व मांडून ठेवले आहे. ते पायऱ्यांना अक्षरशः लागू होते. नवी वाट करायची तर शेजारून करा, लोखंडाची किंवा लाकडाची करा, ती नवी आहे हे दिसू द्या, आणि उद्या काढता येईल अशी ठेवा. जुनी पायरी जशी आहे तशी राहू द्या. २०१९ पासून रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर नुसते बसले तरी दंड होतो. आपल्याकडे लगेच इतके कडक व्हावे असे मी म्हणत नाही, पण पायरी हे स्मारक आहे, स्मारकापुढचा रस्ता नव्हे, एवढी समज तरी त्यांच्याकडून घ्यावी.

माझ्या यादीत आणखी दोन जागा आहेत, त्यांविषयी थोडक्यात. वेरूळ गावात घृष्णेश्वराच्या मंदिराजवळ शिवालय तीर्थ आहे : लालसर दगडाचे, चारही बाजूंनी पायऱ्यांनी उतरत जाणारे कुंड, आणि पायऱ्यांमध्येच बसवलेली आठ छोटी देवळे. अठराव्या शतकात होळकर घराण्याने त्याचा जीर्णोद्धार केला. आपल्याकडच्या थोर पायऱ्या नेहमी वर जातात असे नाही. काही पाण्यापर्यंत खाली नेतात, आणि तिथे पोहोचलो की वरचा गलका ऐकू येईनासा होतो. दुसरी जागा शहरातच, बीबी का मकबरा. लोक ताजमहालाशी तुलना करण्यात गुंतलेले असतात, म्हणून आतली रचना नीट पाहत नाहीत. पायऱ्या चढून आपण उंच चौथऱ्यावर येतो, घुमटाखाली शिरतो आणि मग खाली पाहतो : दिलरास बानू बेगमची कबर तळाशी, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत आहे. तिथे उतरायच्या पायऱ्या आहेत, पण सर्वसामान्य पाहुणा वरूनच पाहतो. आधी चढवून मग नजर खाली वळवणारी ही योजना आहे. आलेला प्रत्येक जण, राजपुत्र असो की सहलीला आलेला विद्यार्थी, कबरीसमोर आपोआप मान खाली घालतो.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे त्यांच्यासाठी : अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा दिवस आधी ठरवा. देवगिरी आणि वेरूळ एकाच रस्त्यावर आहेत; देवगिरी सकाळी लवकर करा, नंतर दगड तापतो. अंधारीत मोबाइलचा उजेड पुरतो, पण मधे एकदा, मागे कुणी नाही हे पाहून, तो विझवा आणि भिंतीला हात लावून तीन-चार पायऱ्या चढून पाहा. पितळखोऱ्याला पाणी आणि डबा सोबत न्या. आणि अजिंठ्याला सोळाव्या लेणीपाशी आलात, की आत जाण्याआधी खाली उतरा. हत्ती तिथेच आहेत.